पाटपाण्यावरचा पहिला हक्क

गोदावरीच्या खोऱ्यात पावसाळा संपता संपता दरवर्षी एक मोजणी होते. १५ ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडी धरणातला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरला, तर वरच्या अंगाच्या नगर-नाशिकमधल्या धरणांनी खाली पाणी सोडायचे. पाण्याच्या समन्यायी वाटपाचे हे तत्त्व २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे आणि प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने त्याला आकड्यांचे रूप दिले. पाऊस बरा झाला तर या आकड्याकडे कोणी बघत नाही. पाऊस हुकला की कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यात मोर्चे निघतात, वकील उभे राहतात आणि सभांमधून एक गोष्ट नव्याने सांगितली जाते. इथे नुसते माळरान होते, कुसळांखेरीज काही उगवत नव्हते. आमचे आजे-पणजे बैलगाडीत संसार घालून इथे आले, बाभळी तोडल्या, रान सपाट केले, ऊस लावला. हे वैभव आम्ही उभे केले, म्हणून इथल्या पाण्यावर पहिला हक्क आमचा.

ही गोष्ट खोटी नाही. तिच्यातल्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती अपुरी आहे, आणि ज्या जागी ती थांबते तिथेच आजच्या पाण्याच्या भांडणाचे मूळ आहे. वसाहतीचा इतिहास नुसता अभिमानासाठी सांगितला जात असता तर त्यातल्या गाळलेल्या जागांकडे दुर्लक्ष करता आले असते. इथे मात्र तो हक्काचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. पुरावा म्हटला की तो पुरा तपासावा लागतो.

सुरुवात सासवडपासून करायला हवी. कऱ्हेच्या काठचे हे गाव पुरंदर तालुक्यातले, पावसाच्या पडछायेतले. तिथले माळी विहिरीवर मोट चालवून ऊस पिकवत आणि गूळ करत. पाणी थोडे आणि उपसायला महाग, त्यामुळे ते कसे पुरवायचे, कोणत्या जमिनीला किती द्यायचे, खत कधी घालायचे, याचे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या साठलेले होते. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, तेव्हा त्यांतली काही घराणी बारामतीच्या बाजूला सरकली. पुढे दारणा धरण आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे कालवे निघाले तसे ते कोपरगावकडे गेले. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्या कालव्यांवर बेलापूर रोडच्या, म्हणजे आजच्या श्रीरामपूरच्या, आसपास त्यांचे मळे झाले. नीरेच्या उजव्या कालव्यावर अकलूजजवळ माळीनगर वसले. बोरावके, गिरमे ही सासवडची आडनावे आज या सगळ्या पट्ट्यात भेटतात. श्रीरामपूरच्या महाविद्यालयाला रावबहादूर नारायणराव बोरावके यांचे नाव आहे. ज्या तालुक्यांनी बाहेरून आलेल्यांना इतके आपले मानले, त्या तालुक्यांत या लोकांचे काम खरोखरच मोठे असले पाहिजे.

ते किती मोठे होते हे कळायला कालवा आधी कोणासाठी काढला होता ते पाहावे लागते. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनला उद्ध्वस्त करून गेला. त्याच्या आदल्याच वर्षी, मे १८७५ मध्ये, सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. तेच सुपे आज बारामती तालुक्यात आहे. नीरेचा कालवा दुष्काळापासून संरक्षण म्हणून आखला गेला. ज्वारी-बाजरी जळू नये, माणसे आणि गुरे वाचावीत, हा त्याचा जाहीर हेतू. पण पाणी आले आणि शेतकऱ्याने ते घेतले नाही. पाऊस चांगला झाला की पाट भरून वाहायचा आणि मागणी नसायची; पाऊस गेला की सगळ्यांना एकाच वेळी पाणी हवे असायचे. कालव्याचा खर्च निघेना.

त्या काळच्या अनेक साहेबांनी याचे कारण शेतकऱ्याच्या आळसात आणि अडाणीपणात शोधले. दुर्दैवाने आपल्याकडचे काही गौरवग्रंथही तेच सूर लावतात. स्थानिक शेतकरी झोपला होता आणि माळ्याने येऊन त्याला जागे केले, असा त्यांचा मथितार्थ. हा अन्याय आहे. भारी काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी ओलीवर येते. त्या जमिनीला पाटाचे पाणी सोसत नाही, हे तिथल्या शेतकऱ्याला ठाऊक होते. पाणीपट्टी रोख भरायची आणि पाणी वेळेवर येईलच याची हमी नाही. जोतीराव फुले, ज्यांच्या घराण्याचे नाते पुरंदरमधल्या खानवडीशी होते आणि ज्यांनी मुठा कालव्याच्या काठी मांजरीला स्वतः बागायत केली, त्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाणी अडवण्याचे, बांधबंदिस्तीचे, तळ्यांचे उपाय सुचवले आणि पाटबंधारे खात्याच्या कारभारावर कठोर टीका केली. सावकाराचे कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाने सरकारी पाण्याच्या भरवशावर नवे कर्ज काढले नाही. त्याने जोखीम नीट ओळखली होती.

उसाची गोष्ट वेगळी. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा राहतो आणि तेवढा वेळ पैसा खातो. बेणे, नांगरट, पेंड, शेणखत, बैल, पाणीपट्टी, मजुरी, आणि शेवटी गुऱ्हाळ. गुऱ्हाळ म्हणजे चरक, काहील, चुलवण, जळण आणि रात्रंदिवस राबणारी माणसे. गुळव्याचा हात बिघडला की वर्षभराची मेहनत काळवंडलेल्या गुळात जाते. रस किती आटवायचा, काहील कधी उतरवायची, याचा निर्णय वासावरून आणि फेसावरून घ्यायचा असतो. सासवडच्या माळ्यांकडे हे सगळे होते. जाणकारी होती, थोडे भांडवल होते, पुण्या-मुंबईच्या अडत्यांशी ओळख होती आणि नात्यातल्या माणसांचा गोतावळा मदतीला होता. भाऊबंदांनी मिळून जमीन घ्यायची, एकाने पाणी पाहायचे, एकाने गुऱ्हाळ, एकाने बाजार. घरातल्या बायका खुरपणीपासून चाळीस माणसांच्या भाकरीपर्यंत सगळे ओढत. त्यांची नावे कोणत्याच फलकावर नाहीत. या कुटुंबांच्या इतिहासात मला सर्वांत जास्त खटकते ते हेच: गुऱ्हाळाचा हिशेब ठेवणाऱ्याचे नाव टिकले, पहाटे तीनला उठून ते चालू ठेवणाऱ्या घरच्या बाईचे नाही.

कालव्याला उसाची गरज होती, हे सरकारलाही लवकरच उमगले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी ब्लॉकची पद्धत आणली. ठरावीक क्षेत्र निवडायचे, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ऊस, उरलेल्यात इतर पिके फेरपालटीने, आणि त्या क्षेत्राला काही वर्षे पाण्याची हमी. विश्वेश्वरय्यांच्या मनात पाणी अधिक गावांत पसरावे, एकाच जागी साचून जमीन नासू नये, असे होते. हेतू न्यायाचा होता. पण हमीचे पाणी घ्यायला हमीचा पैसा लागतो. ब्लॉक त्यांनाच मिळाले ज्यांना ऊस परवडत होता, आणि पुढे वर्षानुवर्षे ते बहुतांशी त्याच हातांत फिरत राहिले. दुष्काळनिवारणाचा कालवा असा गुळाचा आणि नंतर साखरेचा कालवा झाला. यात कोणा एकाचे कारस्थान नाही. सरकारला वसूल हवा होता, माळ्यांना पाणी हवे होते, व्यवहार जमला. मात्र त्या व्यवहारात दुष्काळात होरपळणारा शेतकरी, ज्याच्या नावाने कालवा खणला गेला, तो मागे पडला.

आणि जमीन? ‘रिकामे माळरान’ या शब्दांवर मी सर्वांत जास्त हरकत घेतो ती इथे. त्या जमिनीला मालक होते. त्यांची नावे गावच्या दप्तरात होती. ती जमीन सासवडकरांनी बऱ्याच ठिकाणी खंडाने घेतली. स्थानिक कुणबी-मराठा शेतकऱ्याने कर्जापायी, किंवा भांडवल नाही म्हणून, पाटाखालचे आपले रान वर्षाच्या ठरावीक रकमेवर दुसऱ्याला दिले. बाजरीच्या उत्पन्नाहून ती रक्कम बरी होती, म्हणून त्यालाही व्यवहार वाईट वाटला नसेल. पण त्याच रानात उसाचे जे सोने झाले, त्यात त्याचा वाटा नव्हता. काहींनी आपल्याच जमिनीवर मजुरी केली. डोनाल्ड अ‍ॅटवुड या अभ्यासकाने नीरा डाव्या कालव्यावर हे बारकाईने तपासले आहे. त्याच्या अभ्यासातून एक दिलासादायक गोष्टही पुढे येते: पाहून, विचारून, सोबत काम करून स्थानिक शेतकऱ्यांनी ऊस शिकून घेतला आणि पुढच्या पिढीत स्वतः बागायतदार झाले. आलेल्यांनी ज्ञान कुलूपबंद ठेवले नाही, ही त्यांच्या खात्यावरची मोठी जमा आहे. आजच्या सभांमध्ये हे कोणी सांगत नाही, कारण ‘आम्ही घडवले’ या वाक्यात शिकणाऱ्यालाही जागा द्यावी लागते.

१९३० च्या आसपास जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळाले आणि दख्खनच्या कालव्यांवर कारखान्यांची रांग लागली. वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर उभे केले, त्याआधी मालेगाव तालुक्यात रावळगावला शेती सुरू केलीच होती. डहाणूकरांनी श्रीरामपूरजवळ टिळकनगर वसवले, आगाश्यांनी श्रीपूरला कारखाना काढला. सासवडच्या माळ्यांनी मात्र जे केले ते या सगळ्यांत वेगळे होते. गूळ विकून तग धरता येत नाही म्हटल्यावर त्यांनी १९३२ मध्ये आपापसांत भागभांडवल जमवून स्वतःची कंपनी काढली. माळीनगरचा सासवड माळी शुगर फॅक्टरी हा ऊस पिकवणाऱ्यांनीच उभारलेला कारखाना. सहकारी कायद्याखाली तो नव्हता, तरी शेतकऱ्याने यंत्राचा मालक व्हावे ही कल्पना या भागात तिथे आधी प्रत्यक्षात आली. सहकारी कारखान्याबद्दल प्रवरानगरचा गौरव करताना माळीनगरला वगळणे योग्य नाही.

हरेगावची हकीकत या सगळ्यांहून जड आहे. बेलापूर कंपनीने तिथे ऊस आणि साखर सुरू केली ती १९२० च्या दशकात, खासगी कारखान्यांच्या रांगेच्या आधी. तिच्या शेतीसाठी आजूबाजूच्या नऊ गावांतली जमीन पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने ताब्यात घेतली आणि कंपनीला दिली. त्या शेतकऱ्यांच्या वारसांना लोक आजही ‘आकारी पड’वाले म्हणून ओळखतात, त्यांची तिसरी-चौथी पिढी ती जमीन परत मागते आहे. कंपनीच्या मळ्यांत राबायला जी माणसे आली, तीही वसाहतकरीच होती. महार, मांग, भिल्ल, दूरच्या कोरडवाहू गावांतले मजूर, त्यांतले पुष्कळ पुढे ख्रिस्ती झालेले. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आजही मोठी गर्दी लोटते. डिसेंबर १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच हरेगावला वतनदारांच्या परिषदेसाठी आले होते, महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बोलायला. नगर जिल्ह्याचा इतिहास लिहिताना ही परिषद सामाजिक चळवळीच्या प्रकरणात आणि साखर कारखाना प्रगतीच्या प्रकरणात टाकतात. दोन्ही एकाच गावात, एकाच माणसांच्या आयुष्यात घडत होते. गावात वतनाच्या नावाखाली वेठ आणि कारखान्याच्या मळ्यात रोजंदारी, अशा दोन टोकांमध्ये ही माणसे जगत होती. चाळीत जन्मलेली, चाळीत वाढलेली ही कुटुंबे दोन-तीन पिढ्या तिथे राहिली आणि त्यांच्या नावावर राहते घरही झाले नाही. बैलगाडीत संसार घालून तीही आली होती. त्यांच्याही आज्यांनी बाभळी तोडल्या. मग ‘पहिले आलेले’ या यादीत ती का नाहीत? कारण ती जमीन खंडाने घेऊ शकली नाहीत, एवढेच.

१९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कारखान्यांच्या हजारो एकर जमिनी सरकारकडे आल्या. वाटायला हव्या होत्या. पण त्या तुकड्यात गेल्या तर कारखान्यांचा ऊस तुटेल, असे कारण पुढे आले आणि १९६३ मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. जमीन कंपनीकडून महामंडळाकडे गेली. ज्याने ती कारखान्यांना खंडाने दिली होती तो खंडकरी शेतकरी बाहेरच राहिला. मनमाडचे कॉम्रेड माधवराव गायकवाड यांनी या खंडकऱ्यांचा लढा कित्येक दशके चालवला. न्यायालये, अधिवेशने, मोर्चे या सगळ्यांतून जाऊन अखेर २०१२ च्या सुमारास जमिनी परत द्यायला सुरुवात झाली. तोवर करार करणारा कोणी जिवंत नव्हता. महामंडळाचे कामगारही थकीत देण्यांसाठी आणि राहण्याच्या दोन गुंठ्यांसाठी भांडत राहिले. पाटाखालच्या एकाच एकरावर खंडकरी, मजूर आणि ज्याची जमीन सरकारने घेतली तो, अशा तिघांचे दावे आहेत. तिघांपैकी एकाचाही उल्लेख ‘माळरानाचे नंदनवन’ सांगणाऱ्या भाषणात येत नाही.

सहकाराबद्दल इथे फार लिहीत नाही, त्यावर लिहिलेले पुष्कळ आहे. १९४५ साली बेलापूर रोडला दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष होते. त्यातून विठ्ठलराव विखे पाटील, गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या मेळातून प्रवरेचा कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचा पहिला हंगाम सुरू झाला. आधी जमीन खंडाने देणारा शेतकरी आता कारखान्याचा सभासद झाला. नीरेचा कालवा आला तेव्हा जे घडायला हवे होते ते सहा दशके उशिरा घडले. बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा जो अभ्यास केला त्यात बाहेरून आलेले माळी आणि स्थानिक मराठे यांच्यातली चढाओढ दिसते. लोकशाहीत संख्या मोजली जाते, आणि संख्या स्थानिकांची होती. आलेल्यांचे स्थान मागे सरले, पण त्यांनी सांगितलेली गोष्ट मागे राहिली नाही. ती नव्या मालकांनी उचलली. आज ‘आमच्या आज्यांनी माळरान फुलवले’ असे सांगणाऱ्यांतल्या अनेकांचे आजे तीच जमीन खंडाने देत होते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण पाण्याच्या हक्काचा पुरावा म्हणून ती गोष्ट ठेवायची असेल, तर ती कोणाची हे तरी सांगायला हवे.

दरम्यान ऊस तोडणारे हात बदलले. सभासद झालेला शेतकरी स्वतः कोयता धरेना, आणि कारखान्यांना गाळपाच्या चार-पाच महिन्यांसाठी हजारो माणसे हवी होती. ती आली बीड, पाथर्डी, आष्टी, शिरूर कासारकडून. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता मोजायचा, पाचटाच्या कोपीत राहायचे आणि हंगाम संपला की परत. त्यांच्या मुलांच्या शाळा आणि बायकांच्या तब्येती यांचे हाल गेल्या काही वर्षांत विधिमंडळापर्यंत गेले, तेव्हा कुठे त्यांची मोजदाद करण्याची भाषा सुरू झाली. ही माणसे पन्नास-साठ वर्षे दर हिवाळ्यात येतात. त्यांनी या जिल्ह्याचा जितका ऊस तोडला तितका कोणत्याही घराण्याने लावला नसेल. त्यांच्या गावांकडे जाणारे पाणी म्हणजे जायकवाडीचे पाणी, असे सरसकट म्हणता येणार नाही. बीडचे डोंगराळ तालुके त्या कालव्यांपासून दूर आहेत. पण माजलगाव, गेवराई, पैठण, परभणी हा खालचा पट्टा तोच आहे, ज्याला वरून ‘तुम्ही उशिरा आलात’ असे उत्तर मिळते.

जमिनीने या कहाणीत जे भोगले तेही विसरता येत नाही. नीरा कालव्यावर १९२० च्या आधीच चोपण आणि पाणथळ वाढले होते. क्लॉड इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, पाणी चरातून काढून टाकण्याचे प्रयोग बारामतीजवळ झाले. पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघाले आणि जुन्या पुंड्या उसाच्या जागी जावा बेटातून आलेला पीओजे २८७८, मग को ४१९, पुढे को ७४० असे वाण आले. टनेज वाढले. खंडाने घेतलेल्या जमिनीचे भविष्य घेणाऱ्याला मालकाइतके जपावेसे वाटत नाही, हे कोणत्याही देशात खरे आहे. पण स्वतःच्या जमिनीलाही अतिपाण्याने मीठ आणणारे आपण आहोत, म्हणून ही चूक एका जातीच्या किंवा एका पिढीच्या माथी मारता येत नाही. पाणी मोजून मिळाले नाही, पिकाच्या एकरावर मिळाले. ज्याला जास्त मिळाले त्याने पिकाला जास्त दिले.

मी सासवडकरांच्या कर्तृत्वाला कमी लेखत नाही. उलट माझे म्हणणे आहे की गौरवग्रंथांनीच ते कमी केले आहे. ओसाड माळावर जादू करणाऱ्या माणसांपेक्षा, दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारच्या भरवसा नसलेल्या पाण्यावर, बाजाराच्या बेभरवशाच्या भावात, नातेवाइकांकडून पैसा उभा करून दीड-दीड वर्षाचे पीक काढणारी माणसे मला अधिक मोठी वाटतात. त्यांचा धाडसाचा, ज्ञानाचा आणि हिशेबाचा वाटा निःसंशय आहे. त्यांनी विकत घेतलेल्या जमिनींवर त्यांच्या वारसांचा हक्क आहे. पण धरणातल्या पाण्यावर मात्र ‘आधी आलो’ या कारणाने हक्क सांगता येत नाही. ते कारण लावायचेच म्हटले तर ते फार वर जाऊन पोहोचते. भंडारदऱ्याचे पाणी अकोले तालुक्यातल्या डोंगरांत पडते, आणि त्या धरणात जमिनी गेल्या त्या महादेव कोळ्यांच्या. सर्वांत आधी आलेले कोण, असा प्रश्न विचारला तर उत्तर तिथून सुरू होते. आणि धरणाशेजारच्या त्यांच्या वाड्यांवर उन्हाळ्यात बायका आजही डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढण्याइतका सोपा नाही. कारखाने, गावे, शाळा, बँका, दूधसंघ, लाखो माणसांची रोजीरोटी या पाण्यावर उभी आहे. ते एकाएकी काढून घेतले तर या सगळ्याचे काय? हे खरे आहे. शंभर वर्षांची घडी एका आदेशाने मोडता येत नाही, मोडूही नये. पण हा आक्षेप आजच्या गरजेचा आहे, इतिहासाचा नाही. गरजेचा युक्तिवाद केला की खालच्या माणसाची गरजही त्याच तराजूत बसते: त्याचे पिण्याचे पाणी, त्याची ज्वारी, त्याची फळबाग. वरचे लोक गरज सांगतात तेव्हा मला त्यांच्याशी बोलता येते. इतिहास सांगतात तेव्हा बोलणे थांबते, कारण इतिहासात त्यांनी दुसऱ्या कोणाला ठेवलेलेच नाही.

या प्रश्नाची ताजी परीक्षा निळवंड्याला लागते आहे. भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेवर बांधलेल्या या धरणाला १९७० मध्ये मान्यता मिळाली. अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव आणि राहुरीतली ती गावे, जी प्रवरेच्या जुन्या पाटांच्या वरच्या अंगाला राहिली म्हणून शंभर वर्षे कोरडी होती, त्यांच्यासाठी त्याचे कालवे होते. पिढ्या गेल्या. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले. या गावांतली माणसे परकी नाहीत. खालच्या बागायती गावात खुरपायला, उसाला पाणी धरायला जाणारी तीच माणसे. आता त्यांच्या रानात पाणी येते आहे आणि त्यांना ‘तुमचा वाटा नंतर’ असे कोणी म्हणू लागले आहे.

निळवंड्याच्या चाऱ्यांवर पहिली काही वर्षे जे ठरेल ते पुढची पन्नास वर्षे टिकेल, हे ब्लॉकच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. म्हणून इथे पाणी वापरणाऱ्या संस्था आधी उभ्या राहिल्या पाहिजेत, पाणी पिकाच्या एकरावर न देता मोजून, घनमीटरमध्ये, संस्थेला द्यावे आणि वाटा ठरवताना भूमिहीनांनाही त्यात स्थान असावे. खानदेशात पांझरेच्या काठी फडाची पद्धत शेकडो वर्षे चालली. तिथे कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे आणि पाणी पाटकऱ्याने सगळ्यांना सारखे द्यायचे. तेव्हा असा करार आपल्या मातीत नवा नाही. नव्या कालव्यावर उसाला पहिल्या वर्षापासून मर्यादा घालायची की नाही, हा निर्णय कारखान्यांच्या अध्यक्षांनी नव्हे, त्या गावांच्या ग्रामसभांनी घ्यावा. आणि श्रीरामपूर, कोपरगाव, राहाता तालुक्यांच्या इतिहासाची पुढची पुस्तके लिहिणाऱ्यांनी गावोगावची खंडपत्रे, कालवा खात्याची पाणी अर्जांची दप्तरे, महामंडळाच्या मळ्यांची हजेरीपुस्तके आणि हरेगावजवळच्या नऊ गावांच्या जमीन संपादनाचे कागद आधी काढावेत. बरेच कागद वाळवी खाते आहे, आणि खंडकऱ्यांच्या लढ्यात चाललेली माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत.